बिनचिठ्ठीच्या बाटल्या

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी बसलात तर अर्धी गोष्ट वाऱ्यावर जाईल, आणि आजची गोष्ट तशीही वाऱ्यावरून येणाऱ्या एका वस्तूचीच आहे. देवाने डोळे दिले तर त्यांना पापण्या दिल्या, तोंड दिलं तर त्याला ओठांचं दार दिलं. नाक मात्र त्याने उघडंच ठेवलं. ते मिटायची सोय नाही, म्हणून ते आपल्याला आहे याचीही आठवण राहत नाही. ऐका तर मग एका मामाची आणि त्याच्या भाच्याची गोष्ट. संशयाची आहे. मध्येच कुणाला चोर ठरवू नका, एवढंच मागणं. मामाने ती घाई केली आणि ती त्याला फार महागात पडली.

हा मामा मुष्टियुद्धाची तालीम चालवायचा. खरा मामा तो एकाचाच, पण तालमीत येणारी पोरं, त्यांचे बाप, कोपऱ्यावरचा चहावाला, सगळे त्याला मामाच म्हणत. तरुणपणी तो स्वतः रिंगमध्ये उतरलेला. त्याचं नाक दोनदा मोडून दोनदा बसवलेलं होतं, आणि आता ते चेहऱ्यावर असं दिसे की कुणी घाईघाईत चिकटवून निघून गेलं असावं. शिकवायची त्याची रीत एकच. ठोसा चुकवता आला नाही तर तोंड फिरवायचं नाही, कपाळ पुढे करायचं. कपाळ म्हणजे देवाने फुकट दिलेली ढाल, असं तो म्हणे, आणि सरावात पोरांकडून ती ढाल रोज वाजवून घेई.

भाचा म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बाप लवकर गेला, तेव्हापासून मायलेक मामाच्याच घरी, तालमीच्या वरच्या मजल्यावर राहायची. पोरगा डावखुरा, म्हणून तालमीत त्याचं नाव डावऱ्या. त्याची आई गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान चालवायची. मामा तिला ताई म्हणे, म्हणून सगळ्या तालमीचीच ती ताई झाली होती. मामाची बायको देवाघरी गेलेली, मूलबाळ नाही. तेव्हा त्याचा जो काही जीव होता तो या भाच्यात अडकलेला. शहराच्या करंडकाची शेवटची लढत मारली की डावऱ्याची निवड पुढच्या मोठ्या स्पर्धेसाठी होणार होती. त्या निवडीच्या दारापर्यंत मामा स्वतः एकदा जाऊन परत आला होता. आता भाचा आत शिरणार, या कल्पनेनेच तो झोपेत हसायचा म्हणे.

त्या लढतीच्या दिवशी काय झालं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

मामाच्या खांद्याच्या पिशवीत नेहमी दोन बाटल्या असत. एकसारख्या, तपकिरी काचेच्या. डाव्या कप्प्यातल्या बाटलीत गरम तेल, म्हणजे मालिशचं. ते नाकाला झोंबत नाही, पण कातडी तापवतं, आणि चुकून डोळ्यात गेलं तर माणूस भिंतीला जाऊन धडकतो. वास मात्र असा उग्र की कपड्यात बसला तर धुऊन धुऊन हात दुखतात. उजव्या कप्प्यातल्या बाटलीत साधं तेल, बिनवासाचं. ग्लोव्ह्जचं चामडं मऊ राहावं म्हणून ते फडक्याने वरून पुसायचं. कुणी शहाणा एकदा म्हणाला होता, मामा, बाटल्यांना चिठ्ठ्या लावा. मामा चिडला होता. ज्याला वासावरून तेल कळत नाही त्याने तालीम कशाला चालवावी, असं त्याचं म्हणणं. बूच काढायचं, बाटली नाकाशी न्यायची, मान डोलवायची, मग तेल हातावर घ्यायचं. ही त्याची रीत, आणि तिचा त्याला अभिमान.

त्या दिवशीही त्याने तसंच केलं. कपडे बदलायच्या खोलीत भाच्याचे खांदे चोळले. भाचा कुरकुरला की आज खांदे तापत नाहीत. मामा म्हणाला, धाकधूक आहे, घंटा झाली की तापतील. मग त्याने ग्लोव्ह्ज पुसून बाकावर ठेवले. तपासनीस आला. हाही जुना लढवय्या, मामाच्याच पिढीतला, त्याला सगळे भाऊ म्हणत. भाऊने ग्लोव्ह्ज अंगठ्याने दाबून पाहिले, शिवण पाहिली, ठीक म्हणाला. तेवढ्यात पंचांनी काही विचारायला मामाला बाहेर बोलावलं. खोलीत भाचा, पिशवी आणि बाकावरचे ग्लोव्ह्ज एवढंच उरलं. मामा परतला तो घंटेची वेळ झालेली. त्याने घाईघाईत ग्लोव्ह्ज बांधले आणि भाच्याच्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या फेरीत समोरचा उंच पोरगा डोळे मिचकावायला लागला. आधी वाटलं घाम असेल. मग त्याने हात खाली सोडले, आणि रिंगच्या मधोमध गुडघ्यांवर बसून चेहरा दंडात खुपसला. लढत थांबली. डॉक्टरीणबाई दोराखालून आत शिरल्या, त्यांनी पोराचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मान वर करून डावऱ्याच्या ग्लोव्ह्जकडे बोट केलं. ते ग्लोव्ह्ज त्यांनी नाकाला लावलेही नाहीत. "तेल आहे त्यांच्यावर," त्या म्हणाल्या, "मालिशचं. वास इथवर येतोय."

सभागृहात कुणीतरी चोर म्हणालं. मग पुष्कळ जण म्हणाले. ग्लोव्ह्ज पंचांच्या पिशवीत बंद झाले, निकाल राखून ठेवला, आणि आठवड्याअखेर चौकशी समितीपुढे हजर राहा असं दोघांना सांगण्यात आलं.

मामाला पहिला संशय समोरच्या कोपऱ्याचा आला, जसा कुणालाही येईल. पण समोरचे आपल्याच पोराचे डोळे कशाला जाळतील? मग भाऊचा आला. तो सकाळीच भाऊच्या घरी गेला. भाऊने चहा पुढे केला आणि मामाचा रोख कळल्यावर कपबशी परत आपल्याकडे ओढली. आयुष्य ग्लोव्ह्ज तपासण्यात गेलं, माझ्या हातून तेल निसटेल होय, असं म्हणून त्याने मामाला दारापर्यंत पोचवलं. परत येताना मामा मनाशी हिशेब करत होता. पुसलं ते मी, साध्या तेलाने. वास घेऊन. तपासलं ते भाऊने. बांधलं ते मी. मधल्या वेळात खोलीत होतं कोण?

या प्रश्नाचं उत्तर तो रस्त्यात दोनदा विसरला आणि घराच्या जिन्यावर त्याला ते पुन्हा आठवलं.

संशय घरात शिरला की बसायला जागा मागत नाही. तो असलेल्या प्रत्येक वस्तूवर जाऊन बसतो. मामाच्या लक्षात यायला लागलं की भाचा हल्ली सारखा अंघोळ करतो. शर्ट एकदा अंगात घातला की लगेच धुवायला टाकतो. अंगावर अत्तर असं ओततो की खालची पोरं त्याला नवरदेव म्हणून चिडवतात. एकदा तर भाचा आईला हळूच विचारत होता, "आई, माझ्या अंगाला वास येतो का गं?" मामा दाराआड थबकला. निर्दोष माणूस असं विचारेल का? ताई म्हणाली, येतो, अत्तराच्या कारखान्याचा येतो. पण मामाला हसू आलं नाही.

आणखी एक गोष्ट त्याने पाहिली, ती त्याच्या काळजात रुतली. दुपारची वेळ, तालीम रिकामी. भाचा कपाटापाशी पाठमोरा उभा होता. त्याच्या हातात गरम तेलाची मोठी बरणी होती, तिचं झाकण काढलेलं, आणि तो ती तोंडाजवळ धरून नुसता उभा होता. मामाची चाहूल लागताच त्याने झाकण लावलं, बरणी ठेवली आणि काही न बोलता वर निघून गेला. आपल्याच पापाची बरणी उघडून बघतोय, असं मामाला वाटलं. इथे मी तुम्हाला पुन्हा विनवतो, घाई करू नका.

रात्रीच्या जेवणाला तिघं एका टेबलाशी बसत, पण बोलणं वाडग्यांचंच. मामाने सूप चाखलं आणि सवयीने मीठ मागितलं. मग मिरपूड मागितली. गेली कित्येक वर्षं त्याची ही तक्रार होती की ताईच्या हाताची चव गेली. पूर्वी काय रांधायचीस, असं तो म्हणायचा, आणि ताई आधी रडायची, नंतर नंतर भांडायची. त्या रात्री ती म्हणाली, "मीठ झालं, मिरपूड झाली, आता काय इस्त्रीतले निखारे आणून घालू?" भाचा मान खाली घालून खात होता. त्यानेही मीठ घेतलं. मामाने तेही पाहिलं, पण त्यात त्याला काही दिसलं नाही, कारण ते तो स्वतःही करत होता.

शेवटी त्याने विषयाला तोंड फोडलं. भाचा तालमीत बसून हाताला पट्ट्या गुंडाळत होता. मामा त्याच्यासमोर स्टूल ओढून बसला.

"तेल तू लावलंस?"

"नाही."

"मग कोणी?"

भाच्याने पट्टी गुंडाळणं थांबवलं आणि मामाकडे असं बघितलं, की मामाचीच नजर आधी खाली गेली. "हे तुम्ही मला विचारताय, मामा?"

"तुलाच. खोलीत दुसरं कोण होतं?"

भाच्याने गुंडाळलेली पट्टी पुन्हा सोडली. मग म्हणाला, समिती एक मोसम बाहेर बसवेल, बसवू दे. पुढच्या मोसमात परत उतरेन. लोक विसरतात. तुम्ही फक्त तिथे जाऊन काही बोलू नका. माझ्यासाठी एवढं करा.

मामाला हा कबुलीजबाबच वाटला. तो उठला आणि तिथे लटकलेल्या वाळूच्या पोत्याला त्याने उगाच एक धक्का दिला. आपल्या हाताखाली वाढलेलं पोर, ज्याला आपण हात धरून चालायला शिकवलं, त्याने जिंकायला असला मार्ग घ्यावा. आणि वर म्हणावं, लोक विसरतात. त्या संध्याकाळी तो देवापुढे बसला पण त्याला काय मागावं ते सुचेना. पोर खरं बोलू दे म्हणावं तर भीती, आणि खोटं बोलू दे म्हणायला जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी गल्लीत आरडाओरड झाली. ताई कपडे पोचवायला गेली होती आणि दुकानात भाचा बसला होता. एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर इस्त्री तशीच राहिली. चहावाल्याला त्याच्या टपरीवर जळक्या कापडाचा वास आला आणि तो किटली टाकून पळत आला. येऊन बघतो तर शर्टाला इस्त्रीच्या आकाराचं भोक, आणि भाचा हातभर अंतरावर, टेबलाकडे पाठ करून, शांतपणे चादरींच्या घड्या घालतोय. ताई परतल्यावर तिने कपाळाला हात लावला. ती मामाला म्हणाली, "अरे, आपल्या धंद्यात डोळ्याआधी नाक धावतं. आंधळा माणूससुद्धा हे दुकान सांभाळेल. याचं चित्त असतं कुठे?"

मामा जिन्यावर थांबला. चित्त नाही, त्याला वाटलं, चित्ताचं हे काम नव्हे. आणि मग ज्या गोष्टींवर संशय येऊन बसला होता त्या एकेक करून उठून उभ्या राहिल्या. अंगावर ओतलेलं अत्तर. आईला विचारलेला तो प्रश्न. उघडी बरणी तोंडाजवळ धरून नुसतं उभं राहणं. तोंडाजवळ कुठे, नाकाजवळ. आणि त्यांच्याही मागे, हिवाळ्यातला सरावाचा तो दिवस. भाच्याने शिकवल्याप्रमाणे कपाळ पुढे केलं होतं, ठोसा जबर बसला होता, आणि तो मागे पडून डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटली होती. मामानेच त्याला उभं केलं होतं. काही नाही, पाणी पी, कपाळ पुढे.

म्हणजे पोराला वासच येत नाही. मग सगळं जुळलं, किंवा मामाला तसं वाटलं. खांदे तापले नाहीत म्हणून एकटा असताना त्याने गरम तेल हातावर घेतलं असणार, ते हात ग्लोव्ह्जना लागले असणार, आणि त्याला कळलंही नसणार. चूक पोराचीच, पण पाप नाही. मामाच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. फक्त खात्री करायला हवी होती, आणि ती भाच्याला न कळू देता, कारण विचारलं तर तो नाहीच म्हणणार.

मामाने कापसाचे दोन बोळे केले. एक साध्या तेलात बुडवला, एक गरम तेलात, दोन वाट्यांत ठेवले. भाचा आला की म्हणायचं, जरा यातला साधा बोळा दे रे, ग्लोव्ह्ज पुसायचेत. चुकीचा उचलला की कळेल. साधी युक्ती. तेवढ्यात खालून कुणी हाक मारली म्हणून तो गेला, आणि परत आला तर ताईने टेबल पुसून वाट्या खिडकीत सरकवल्या होत्या. कुठली कुठे, ते काही तिने पाहिलं नव्हतं. ती परत दुकानात गेली होती.

काही बिघडलं नाही. मामाने एक बोळा उचलून नाकाशी नेला आणि मान डोलवली.

मग त्याने दुसरा उचलला, आणि त्याची मान अर्धीच डोलली.

त्याने पहिला पुन्हा हुंगला. खोल श्वास घेतला, छाती भरेपर्यंत. दुसरा हुंगला. खिडकी लावून घेतली. नाक शिंकरलं, तोंड धुतलं, परत हुंगलं. दोन्ही बोळ्यांना एकच वास होता, म्हणजे कसलाच नव्हता. हातात दोन ओले बोळे घेऊन तो उभा राहिला, जसा त्या दुपारी भाचा उभा होता तसाच.

आता खरं सांगेल असं एकच ठिकाण अंगावर उरलं होतं. त्याने पहिला बोळा डाव्या पापणीला लावला. काही नाही. दुसरा उजव्या पापणीला लावला, आणि त्याला टेबलाचा काठ धरावा लागला. डोळ्यातून पाणी वाहू लागलं. उजव्या डोळ्यातलं तेलाचं होतं. डावा डोळा का वाहतोय, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

ताई परत आली तेव्हा तो पिशवी पुढ्यात घेऊन बसला होता. त्याने विचारलं, ही पिशवी शेवटची कधी धुतलीस? लढतीच्या आदल्या दिवशी, ती म्हणाली, घामट वास मारत होती. बाटल्या काढल्या, पिशवी वाळवली, परत ठेवल्या.

"कुठली कुठल्या कप्प्यात ठेवलीस?"

"मला काय ठाऊक. दोन्ही सारख्याच. तू वास घेतोसच की."

तो वास घ्यायचाच की. बूच काढायचा, नाकाशी न्यायचा, मान डोलवायचा. पण हात मात्र कप्प्यावरून ओळखायचा, डावा की उजवा. नाकाने ते काम केव्हा सोडून दिलं हे त्याला कळलंच नव्हतं, कारण कप्प्यांनी त्याला कधी फसवलं नव्हतं. आज खांदे तापत नाहीत, भाचा म्हणाला होता. कसे तापतील? खांद्यांना साधं तेल लागलं होतं. आणि गरम तेल मामाने स्वतःच्या हाताने, फडक्याने, अगदी मन लावून, ग्लोव्ह्जवर पुसलं होतं. हात चुरचुरले होते खरे, पण मालिशनंतर ते नेहमीच चुरचुरतात.

भाचा वर आला. मामाच्या लाल डोळ्याकडे आणि दोन वाट्यांकडे बघून तो काय समजायचं ते समजला आणि दारातच टेकून उभा राहिला.

"मला येत नाही वास," तो म्हणाला. "हिवाळ्यापासून."

"मलाही येत नाही," मामा म्हणाला. "केव्हापासून, ते मला सांगता येत नाही."

ताई हातातले कपडे घेऊन तशीच खाली बसली.

मग भाच्याचं बाकीचं बाहेर पडलं. त्याने मामाला ग्लोव्ह्ज पुसताना पाहिलं होतं. रिंगमध्ये समोरचा पडला, डॉक्टरीणबाईंनी बोट केलं, तेव्हा त्याला वाटलं होतं की मामाने हे जाणूनबुजून केलं, आपल्यासाठी, त्या निवडीपायी. म्हणून तो गप्प होता. मामाला चोर ठरवून आपण सुटायचं, हे त्याला जमणार नव्हतं. मामाला हसावं की रडावं कळेना. त्या आठवड्यात दोघं एका टेबलाशी जेवले होते, एकच मीठ मागून, आणि दोघांनी एकमेकांना चोर मानलं होतं.

पण भाच्याचा हट्ट तिथेही सुटला नाही. मामाचा हात धरून तो सांगत होता की समितीला हे सांगू नका. लबाडी म्हटली तर एक मोसम. नाकाचं कळलं तर डॉक्टर डोकं तपासतील आणि मला कायमचं खाली उतरवतील. मला चोर म्हणू देत, मामा, पण रिंगमध्ये उतरू देत.

मामा उत्तर द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात ताई बोलली. आवाज चढवला नाही. ती एवढंच म्हणाली, "उद्या तुला काय काय येईनासं होईल, त्याची मी वाट बघत बसू?"

त्यानंतर त्या खोलीत कुणी काही मागितलं नाही.

चौकशीची खोली म्हणजे लांब टेबल, पाण्याचे पेले आणि एक पंखा. टेबलापलीकडे समितीची माणसं, एका टोकाला भाऊ, दुसऱ्या टोकाला डॉक्टरीणबाई, भिंतीशी तो उंच पोरगा आणि त्याचे शिक्षक. मामाने कुणी विचारायच्या आधीच सांगितलं की तेल माझ्या हातून लागलं, बाटल्यांची अदलाबदल झाली. समितीतला एक जण हसला. त्या तेलाचा वास रस्त्यापर्यंत येतो, तो म्हणाला, तुमच्या हातातल्या फडक्याचा तुम्हाला आला नाही? तपासणाऱ्या भाऊंनाही आला नाही? हे आम्ही खरं मानायचं?

त्या माणसाने संशय घ्यावा हे बरोबरच होतं. मामाने खिशातून दोन डब्या काढल्या, दोन्ही हातांत एकेक बोळा घेतला आणि तो भाऊसमोर जाऊन उभा राहिला. "तू सांग भाऊ, गरम तेल कुठल्यात आहे?"

भाऊने तोऱ्यात पहिला बोळा नाकाशी नेला. मग दुसरा. मग पहिला पुन्हा. भाऊने मामाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्या दोन मोडक्या नाकांच्या मध्ये काहीतरी घडलं, ते इतरांना दिसलं नाही. त्याने बोळे टेबलावर ठेवले आणि अंगठ्याने आपलंच नाक हळू दाबून पाहिलं, जसे तो ग्लोव्ह्ज दाबून पाहायचा.

"उजवीकडचा," टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या जागच्या उठल्याही नव्हत्या.

मग त्यांनी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. नाकाच्या वर, कपाळाच्या आत, चाळणीसारखं एक पातळ हाड असतं. वासाचे तंतू त्या भोकांतून मेंदूकडे जातात, केसांहून बारीक. डोक्याला जोराचा हिसका बसला की मेंदू हलतो आणि ते तंतू ताणले जातात, कधी तुटतातही. कधी एका फटक्यात, कधी पुष्कळ फटक्यांत मिळून. हळूहळू गेलं तर माणसाला पत्ताही लागत नाही, जेवण तेवढं बेचव लागतं. कधी थोडं परत येतं, कधी येत नाही. त्यांनी डावऱ्याकडे पाहून विचारलं, तुला कधीपासून? सगळ्यांना वाटलं तो मामाकडे बघेल. त्याने भिंतीशी बसलेल्या त्या उंच पोराकडे पाहिलं. "हिवाळ्यापासून," तो म्हणाला. "आणि तुझे डोळे आता बरे आहेत ना?"

उंच पोराने मान हलवली.

लबाडीचा ठपका पुसला गेला. लढत त्या उंच पोराला दिली, आणि ते न्यायाचंच झालं. डावऱ्याच्या डोक्याची तपासणी झाली, आणि रिंगमध्ये उतरायला त्याला कायमची मनाई झाली. तेही न्यायाचंच, पण न्याय पचायला वेळ लागतो. पुष्कळ दिवस तो मामाशी बोलला नाही. जिन्यावर समोरासमोर आले तर भिंतीला अंग लावून वाट द्यायचा. मामाने त्याला एका शब्दाने टोकलं नाही. तो फक्त रोज सकाळी तालीम उघडून आत एक स्टूल भाच्यासाठी ठेवायचा. ते किती सकाळी रिकामं राहिलं कुणी मोजलं नाही. एका सकाळी भाचा येऊन त्यावर बसला, आणि एका पोराला ओरडला की कपाळ मागे घे, पाय हलव.

आता त्या तालमीत कपाळाला ढाल म्हणत नाहीत. सरावात डोक्याला हात लावायचा नाही असा नियम झाला. बाटल्यांना चिठ्ठ्या लागल्या, मोठ्या अक्षरात. आणि नव्या मोसमात पोरं आली की आधी ताईपुढे रांग लागते. ताई त्यांना डोळे मिटायला लावते, नाकाखाली साबणाची वडी, संत्र्याची साल, कॉफीची पूड असं काहीबाही धरते आणि विचारते, सांग काय आहे. चुकला तो पोरगा सरळ डॉक्टरीणबाईंकडे. घरात शाबूत नाक तिचंच, तेव्हा अधिकारही तिचाच. भाऊही एकदा गुपचूप त्या रांगेत उभा राहून गेला, म्हणतात.

एक सांगायचं राहिलं. चौकशीच्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर ताईने सूप वाढलं. मामाने चमचा घेतला, मिठाकडे हात गेला, आणि तो हात त्याने मागे घेतला. तो म्हणाला, "ताई, तुझ्या हाताची चव कुठे गेली नव्हती गं." ताई म्हणाली, गप जेव, निवेल. आणि पदराने डोळे पुसायला आत गेली. मामाने ते बेचव सूप शेवटच्या चमच्यापर्यंत, मीठ न मागता, देवाचं नाव घेऊन खाल्लं.

तेव्हा आता घरी जाल, तर माझं एवढं ऐका. उद्या सकाळी तव्यावर काही करपलं, दूध उतू गेलं, आणि त्याचा वास तुमच्यापर्यंत आला, तर कुणावर डाफरण्याआधी क्षणभर थांबा. छाती भरून तो वास घ्या, आणि त्या डावऱ्या पोराची आठवण काढा.